विश्लेषण : टेफ्लॉन अपघाताने सापडले, मग रॉय प्लंकेट यांचे श्रेय काय?

नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी पातळ टेप वर्धा शहरात काय आणि सेलू, आर्वी, समुद्रपुरात काय, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते. किराणा दुकानात पिशवीचे तोंड बंद करणाऱ्या सीलिंग मशीनवर तपकिरी पट्टी असते. ते काचेच्या धाग्यांचे कापड असते आणि त्यावरचा थर याच टेपच्या पदार्थाचा असतो. नॉनस्टिक तव्याबद्दल तर सांगायलाच नको. पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीन हे या पदार्थाचे पूर्ण नाव, कारखान्यातले नाव पीटीएफई आणि सर्वांच्या तोंडी असलेले नाव टेफ्लॉन. त्याचे मूळ पेटंट ज्यांच्या नावावर आहे, ते अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट १९९४ मध्ये वारले. गॅसच्या सिलिंडरमध्ये चुकून पांढरी भुकटी सापडली, एवढ्या एका ओळीत त्यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी संपते. त्यांच्या नोकरीची पुढची ३७ वर्षे त्या ओळीत येत नाहीत.

रॉय प्लंकेट कोण होते?

प्लंकेट यांचा जन्म २६ जून १९१० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, न्यू कार्लाइल गावच्या शेतकरी कुटुंबात झाला. इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेज या लहानशा महाविद्यालयातून त्यांनी १९३२ मध्ये पदवी घेतली. तेथे त्यांच्या खोलीत राहणारा विद्यार्थी होता पॉल फ्लोरी. दोघांच्या वयात जेमतेम एका आठवड्याचे अंतर. पुढे दोघांनीही ओहायो स्टेट विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि दोघेही ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत दाखल झाले. फ्लोरी तेथे नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली पॉलिमरचे गणित मांडू लागले. प्लंकेट १९३६ मध्ये आले, तेव्हा त्यांना न्यू जर्सीतील डीपवॉटर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत फ्रिजच्या गॅसचे काम मिळाले. म्हणजे पॉलिमर हा खोलीतल्या मित्राचा विषय होता, प्लंकेट यांचा नव्हता. ही बाब लक्षात ठेवली की पुढचा प्रसंग नीट कळतो.

६ एप्रिल १९३८ रोजी नेमके काय घडले?

सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड भरत. गळती झाली तर घरातल्या माणसांच्या जिवावर बेतायची. त्यावर उपाय म्हणून थॉमस मिजली यांनी फ्रिऑन कुळातील वायू शोधले आणि जनरल मोटर्स व ड्यूपॉन्ट यांनी मिळून ते बनवायला कायनेटिक केमिकल्स ही कंपनी काढली. मात्र यातील फ्रिऑन-११४ हा प्रकार जनरल मोटर्सच्या फ्रिजिडेअर या एकाच फ्रिजसाठी राखीव होता. इतर कंपन्यांना विकता येईल असा पर्यायी वायू शोधणे हे प्लंकेट यांचे काम.

त्यासाठी त्यांनी टेट्राफ्लुरोइथिलीन (टीएफई) हा वायू सुमारे ४५ किलो तयार केला आणि लहान लहान सिलिंडरमध्ये भरून ड्राय आइसवर, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर, थंड ठेवला. ६ एप्रिलच्या सकाळी त्यांचे सहायक जॅक रेबॉक यांनी एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडला. वायू आलाच नाही.

अशा वेळी कोणीही गळती झाली असे समजून सिलिंडर बाजूला ठेवेल आणि दुसरा जोडेल. या दोघांनी वजन पाहिले. सिलिंडरचे वजन वायू भरलेला असताना होते तेवढेच होते. याचा अर्थ वायू बाहेर गेलेला नाही, पण वायू म्हणून आतही नाही. व्हॉल्व्ह काढून सिलिंडर उलटा केला तेव्हा थोडी मेणचट पांढरी भुकटी पडली. वजनाच्या मानाने ती फारच कमी होती, म्हणून त्यांनी सिलिंडर करवतीने कापला. आतल्या भिंतींवर तीच भुकटी घट्ट बसलेली होती.

हे धाडसच म्हणायचे. टीएफईचे रेणू एकमेकांना जोडले जाताना प्रचंड उष्णता बाहेर पडते आणि ती आवरली नाही तर स्फोट होतो. १९४४ मध्ये न्यू जर्सीतील आर्लिंग्टन येथे याच कारणाने या पदार्थाचे उत्पादन युनिट उद्ध्वस्त झाले. १९३८ च्या त्या सकाळी एवढी माहिती कोणाकडेच नव्हती. उलट, दुहेरी बंधाच्या चारही बाजूंना फ्लोरिन किंवा क्लोरिन बसलेले रेणू साखळीने जोडले जाऊच शकत नाहीत, असा त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांचा समज होता.

प्लंकेट यांना प्रथम आपला प्रयोग फसला असेच वाटले. पण भुकटी फेकून न देता त्यांनी तिच्यावर प्रयोग सुरू केले. हाताशी असलेली द्रावके, तीव्र आम्ले, अल्कली, सारे वापरून पाहिले. काहीही झाले नाही. तापवली तरी सहजासहजी वितळेना. बोटांत चोळली तर निसटून जाई. १ जुलै १९३९ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला आणि ४ फेब्रुवारी १९४१ रोजी अमेरिकेचे पेटंट क्रमांक २,२३०,६५४ मंजूर झाले. संशोधक म्हणून नाव एकट्या प्लंकेट यांचे आहे. व्हॉल्व्ह उघडणारे रेबॉक त्यात नाहीत. सहायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच येते.

ज्या वर्षी डीपवॉटरला सिलिंडर कापला गेला, त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी वर्ध्यात महात्मा गांधी यांच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. मगनवाडीत तेव्हा घाणीचे तेल, हातकागद आणि चरखा यांवर प्रयोग चालू होते.

हा पदार्थ इतका वेगळा का?

टेफ्लॉनच्या रेणूत कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी असते आणि प्रत्येक कार्बनला दोन फ्लोरिन अणू चिकटलेले असतात. मक्याच्या कणसावर दाणे इतके खेटून बसतात की आतला गाभा दिसत नाही, तसे हे फ्लोरिन अणू कार्बनला चहूबाजूंनी झाकतात. शिवाय कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनांतील सर्वांत मजबूत एकेरी बंध मानला जातो. तो तोडायला साधारण ४८५ किलोज्यूल प्रति मोल इतकी ऊर्जा लागते. त्यामुळे आम्ले, तेल, पाणी यांना आत शिरायला जागाच मिळत नाही. वितळलेल्या सोडियमसारखे धातू आणि तापलेला फ्लोरिन वायू एवढीच काही रसायने त्याला खातात.

आकड्यांत सांगायचे तर वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस, सलग वापराची मर्यादा २६० अंश, घनता पाण्याच्या सव्वादोन पटींच्या आसपास, घर्षणांक ०.०५ ते ०.१० आणि परावैद्युतांक अवघा २.१. शेवटच्या आकड्यामुळे रडार आणि विमानांच्या तारांवर त्याचे आवरण चढवतात.

दोषही ठसठशीत आहेत. सततच्या दाबाखाली हा पदार्थ हळूहळू पसरतो, त्यामुळे घट्ट बसवलेले गॅस्केट काही काळाने ढिले पडते. म्हणून उद्योगात त्यात काचेचे तंतू, कार्बन किंवा कांस्याची भुकटी मिसळतात. आणि ३२७ अंशांच्या वर गेल्यावरही तो पाण्यासारखा वाहत नाही, नुसता थुलथुलीत होतो. बादल्या-मग बनवणाऱ्या इंजेक्शन मोल्डिंग मशीनमध्ये तो चालत नाही. भुकटी साच्यात दाबायची आणि मग भट्टीत भाजायची, ही मातीच्या भांड्यांसारखी पद्धत त्यासाठी बसवावी लागली. ते काम ड्यूपॉन्टच्या इतर रसायनतज्ज्ञांनी आणि अभियंत्यांनी अनेक वर्षे केले. प्लंकेट त्यात नव्हते.

बाजारात यायला इतका वेळ का लागला?

कारण तो भयंकर महाग होता आणि त्याचे करायचे काय, हे कोणाला सुचत नव्हते. मार्ग दाखवला युद्धाने. अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळे करताना युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा वायू वापरावा लागतो. तो नेहमीची गॅस्केट आणि सील खाऊन टाकतो. टेनेसी राज्यातील ओक रिज येथील प्रकल्पात त्याला पुरून उरले ते टेफ्लॉन. खर्चाचा प्रश्न तेथे कोणी विचारत नव्हते. युद्ध संपेपर्यंत बाहेरच्या जगाला या पदार्थाचा पत्ता नव्हता. टेफ्लॉन हे नाव १९४५ मध्ये नोंदले गेले, १९४६ मध्ये त्याची जाहीर घोषणा झाली आणि १९५० मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळ मोठा कारखाना सुरू झाला.

तवा आला तो फ्रान्समधून. मार्क ग्रेग्वार हे अभियंते मासेमारीच्या सामानासाठी टेफ्लॉन वापरून पाहत होते. तेच स्वयंपाकाच्या भांड्याला लावून पाहा, ही त्यांची पत्नी कोलेट यांची सूचना. जो पदार्थ कशालाच चिकटत नाही तो तव्याला कसा चिकटवायचा, हा खरा पेच होता. ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खरवडून त्यात बारीक खाचा पाडल्या आणि थर त्यांत अडकवला. १९५६ मध्ये टेफाल कंपनी उभी राहिली.

प्लंकेट यांनी पुढे काय केले?

शाळेच्या पुस्तकांत न येणारा भाग येथून सुरू होतो. टेफ्लॉन पॉलिमर विभागाकडे गेले आणि प्लंकेट १९३९ मध्ये टेट्राइथाइल लेडच्या उत्पादनात मुख्य रसायनतज्ज्ञ झाले. पेट्रोलवर इंजिन ठोका देऊ नये म्हणून त्यात मिसळायचे हे शिशाचे संयुग. तेही थॉमस मिजली यांचेच शोधलेले. १९२० च्या दशकात डीपवॉटरच्याच कारखान्यात शिशाच्या विषबाधेने कामगार मरण पावले होते, त्यामुळे हे काम जोखमीचे आहे हे कंपनीत सर्वांना ठाऊक होते. प्लंकेट १९५२ पर्यंत या कामावर राहिले. नंतर ते फ्रिऑन विभागात वरिष्ठ पदांवर गेले आणि १९७५ मध्ये तेथूनच निवृत्त झाले.

शिसेयुक्त पेट्रोल, फ्रिऑन आणि टेफ्लॉन. एका माणसाच्या नोकरीत या तिन्ही गोष्टी याव्यात, असे उदाहरण क्वचितच सापडेल. पहिल्याने जगभरातील मुलांच्या रक्तात शिसे गेले. भारतात असे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. दुसऱ्याने ओझोनच्या थराला भोक पाडले; त्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. तिसऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही.

१९७४ हे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी पॉल फ्लोरी यांना पॉलिमरवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी फ्रिऑनसारखे वायू ओझोन नष्ट करतात, असे दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या खोलीतला मित्र स्टॉकहोमला गेला आणि प्लंकेट ज्या विभागात काम करत होते त्याच्या उत्पादनावर प्रश्नचिन्ह लागले. पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले.

यावरून प्लंकेट यांना खलनायक ठरवणे चुकीचे होईल. फ्रिऑन आले तेव्हा ते विषारी वायूंपासून सुटका म्हणून आले होते, आणि ती सुटका खरी होती. शिशाच्या बाबतीत मात्र एवढे सरळ म्हणता येत नाही, कारण तेथे धोका आधीपासून माहीत होता. त्यांना सन्मानही मिळाले. १९५१ मध्ये फिलाडेल्फिया शहराचे जॉन स्कॉट पदक, १९७३ मध्ये प्लास्टिक उद्योगाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान आणि १९८५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक हॉल ऑफ फेममध्ये. १२ मे १९९४ रोजी टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे त्यांचे निधन झाले.

वर्ध्याशी आणि विदर्भाशी याचा संबंध काय?

टेपचे उदाहरण वर आलेच. पूर्वी प्लंबर आट्यांवर धागा गुंडाळून त्याला सफेदा लावत. मूळ सफेदा हा शिशाचाच. पांढऱ्या टेपने निदान तेवढे शिसे नळापासून दूर केले.

त्याहून मोठा, पण नजरेआड राहणारा उपयोग पुलांमध्ये आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हिवाळ्याच्या रात्री तो बराच खाली येतो. गर्डरच्या तापमानात ३५ अंशांचा फरक पडला तर ३० मीटर लांबीचा काँक्रीटचा गर्डर साडेबारा मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होतो. त्याला सरकायला जागा दिली नाही तर खांबाला तडे जातील. म्हणून अनेक मोठ्या पुलांवर खांब आणि गर्डर यांच्यामध्ये पीटीएफईची चकती आणि तिच्यावर गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची पाटी असते. यावर जितका भार जास्त तितका घर्षणांक कमी, हा गुण येथे वरदान ठरतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-८३ या संहितेचा तिसरा भाग अशा पॉट-पीटीएफई बेअरिंगसाठीच आहे.

रुग्णालयांत हाच पदार्थ ताणून सच्छिद्र केलेल्या रूपात येतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तापवलेली पीटीएफईची कांडी हळूहळू ओढण्याऐवजी एकदम हिसका देऊन ताणली आणि ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाली. डायलिसिसच्या ज्या रुग्णांच्या स्वतःच्या शिरा कामाच्या राहत नाहीत, त्यांच्या हातात बसवली जाणारी कृत्रिम नळी अनेकदा याच सच्छिद्र पीटीएफईची असते. शरीर तिला सहसा विरोध करत नाही, कारण तिच्याशी कशाचीच अभिक्रिया होत नाही.

कच्चा मालही विदर्भाला अनोळखी नाही. टेफ्लॉनची सुरुवात फ्लोराइट या खनिजापासून होते आणि वर्ध्याच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथे त्याचे साठे आहेत. फ्लोराइटपासून हायड्रोजन फ्लोराइड, त्यापासून आर-२२ हा वायू आणि तो प्रखर तापवून टीएफई, असा हा मार्ग आहे. देशात पीटीएफई बनवणारी हैदराबादजवळच्या रुद्राराम येथील सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान फ्लोरोकार्बन्स ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२० मध्ये घेतला. गुजरातमधील दहेज येथे खासगी क्षेत्रात उत्पादन होते.

मग वाद कशाचा आहे?

वाद मुख्यतः टेफ्लॉनचा नाही, ते बनवताना वापरल्या गेलेल्या पीएफओए या साबणासारख्या रसायनाचा आहे. कारखान्यात त्याला सी-८ म्हणत, कारण त्यात कार्बनचे आठ अणू असतात. १९५१ पासून पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यात ते वापरले जाऊ लागले आणि ओहायो नदीत, हवेत व जमिनीत गेले. नदीपलीकडे ओहायो, म्हणजे प्लंकेट यांचे जन्मराज्य. परिसरातील एका शेतकऱ्याची गुरे मोठ्या संख्येने दगावू लागली, तेव्हा वकील रॉब बिलॉट यांनी १९९९ मध्ये खटला दाखल केला. त्यातून पुढे सुमारे ७० हजार रहिवाशांची तपासणी झाली आणि २०१२ पर्यंत शास्त्रज्ञांच्या समितीने मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा आजारांशी पीएफओएचा संभाव्य संबंध असल्याचा निष्कर्ष दिला. २०१७ मध्ये ड्यूपॉन्ट आणि केमोर्स या कंपन्यांनी ६७ कोटी १० लाख डॉलर देऊन साडेतीन हजारांवर दावे मिटवले. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीएफओएला जागतिक बंदीच्या यादीत टाकले आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले.

गंमत अशी की ज्या बंधामुळे टेफ्लॉन आम्लाला दाद देत नाही, तोच कार्बन-फ्लोरिन बंध पीएफओएमध्येही आहे. म्हणून ते निसर्गात कुजत नाही आणि शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. टेफ्लॉन हे नाव नोंदले गेले त्या १९४५ मध्येच मगनवाडीतील जे. सी. कुमारप्पा यांचे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक निघाले. कुमारप्पांच्या लेखी टिकाऊ म्हणजे जे निसर्गाच्या चक्रात परत जाते ते. डीपवॉटरच्या सिलिंडरमधला टिकाऊपणा याच्या नेमका उलट होता.

हे सारे उघडकीस आले तेव्हा प्लंकेट हयात नव्हते. पार्कर्सबर्गच्या कारखान्यातील उत्पादनाची पद्धत त्यांनी ठरवलेली नव्हती. त्यांच्या पदरात श्रेय टाकायचे तर ते वजनकाट्याकडे पाहण्याचे, सिलिंडर कापण्याचे आणि फसलेल्या वाटणाऱ्या प्रयोगाची नीट तपासणी करण्याचे. तेवढे निर्विवाद त्यांचे आणि रेबॉक यांचे आहे.

घरातल्या तव्याचे काय?

भाजून तयार झालेल्या थरात पीएफओए जवळपास उरत नाही आणि थराचा तुकडा पोटात गेला तरी तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. धोका आहे तो आचेचा. मोठ्या आचेवर ठेवलेला रिकामा तवा काही मिनिटांत २६० अंशांची मर्यादा ओलांडतो. ३५० अंशांच्या पुढे थराचे विघटन होऊन विषारी धूर निघतो. माणसाला त्याने ताप, थंडी आणि अंगदुखी होते, साधारणपणे एक-दोन दिवसांत ती उतरते. पक्ष्यांची फुप्फुसे मात्र हा धूर सहन करू शकत नाहीत. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा ठेवू नये आणि पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये.